हातचा एक

अप्पांनी उभा जन्म गणित शिकवण्यात घालवला, पण कुणाला ‘शाबास’ म्हणून जीभ विटाळली नाही. कौतुकानं पोरं शेफारतात, हा त्यांचा सिद्धान्त. घरात एकुलती एक लेक. तिच्यावर तर तो रोज सिद्ध करून दाखवला. तिनं पैकीच्या पैकी गुण आणले तरी “बरं आहे” एवढंच, आणि लगेच अक्षर कसं कोंबडीच्या पायांचं आहे ते.

ही लेक आता शाळेची पुस्तकं लिहिते. आज ऑफिसला जाता जाता आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाली, “अप्पा, बेरजेतल्या हातच्याला हातचा का म्हणतात हो? मुलांसाठी चार ओळी लिहायच्यात.”

अप्पांची कळी खुलली. “अगं, सात आणि आठ पंधरा. पाच खाली मांडले, दहाचा एक उरला. तो ठेवायचा कुठे? बोट मिटून हातात. म्हणून हातचा, असं आमचे गुरुजी सांगायचे.”

तिनं तिथेच भराभर लिहिलं आणि कागद अप्पांपुढे धरून वाचून दाखवलं.

“हातचा आपला नसतो. तो शेजारच्या घराचा असतो. थोडा वेळ सांभाळायचा आणि देऊन टाकायचा. द्यायचा राहिला, तर पुढचं सगळं चुकतं.”

इतकं सोपं करून अप्पांना स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं. हातचं राखून बोलण्यातच शहाणपण, असं ते समजत आले होते. पोर कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तिच्या वाटणीचा चांगला शब्द मात्र यांच्याकडेच पडून राहिला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ती कागद आवरून उठली. एका ओळीत अनुस्वार राहिला होता आणि तो सांगायला अप्पांची जीभ वळवळत होती. जीभ कशीबशी आवरून ते म्हणाले, “छान लिहिलंस गं. फार छान.”

लेक दारातच थबकली. मागे फिरली, पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

“अप्पा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

ती चेष्टा करत नव्हती. तिचा चेहरा खरोखरच उतरला होता.

आता हिला काय सांगायचं?

“जरा डोकं जड झालंय,” अप्पा म्हणाले.

तिनं आतून गोळी आणि पाणी आणून दिलं. अप्पांनी ती मुकाट्यानं गिळली.