बारा मिनिटांनी धाकटी

मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवर खिळ्याला टांगतात तसला नव्हे, मित्रांनो; मी एका लहानशा प्रसूतिगृहाच्या संगणकात राहतो. इथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची एक ओळ माझ्याजवळ असते. आईचा नोंदणी क्रमांक, जन्माची तारीख, वेळ, वजन, मुलगा की मुलगी. रडकी, शांत, टकली, केसाळ, सगळी बाळे माझ्याकडे सारख्याच उंचीच्या ओळीत बसतात. इतके वाढदिवस तोंडपाठ असणारा दुसरा कोणी तुम्हाला भेटला, तर मला जरूर कळवा.

मला घडवले डॉक्टरीणबाईंच्या भाचीने. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या काकूंना एक सवय होती. संगणक जरा रेंगाळला की त्या बटण पुन्हा दाबत, आणि एकाच बाळाची नोंद दोनदा होई. म्हणून भाचीने मला नियम दिला. आईचा क्रमांक आणि जन्माची तारीख, ही दोन्ही मिळून ओळीची किल्ली, म्हणजे तिच्या ओळखीची खूण. त्याच किल्लीची दुसरी ओळ आली तर ती घ्यायची नाही आणि पडद्यावर लाल अक्षरांत सांगायचे, ‘ही नोंद आधीच आहे.’ एका आईची एका दिवशी एकच नोंद ना, असे तिने सगळ्यांना विचारलेही होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. जुळी असली की डॉक्टरीणबाई त्या आईला आधीच मोठ्या रुग्णालयात पाठवत, त्यामुळे जुळ्यांचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. खरे सांगायचे तर माझ्याही नाही.

पहिली काही वर्षे माझा मोठा थाट होता. काकू दिवसातून तीनदा चुकत आणि मी तीनदा त्यांना अडवत असे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या माझे कौतुक सांगत. पण कौतुक किती दिवस टिकणार? हळूहळू त्यांना लाल अक्षरांचा कंटाळा आला. घरी टोकायला सासूबाई आहेत, इथे हा तक्ता, अशी तक्रार त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्या भाऊंकडे केली. भाऊंनी माझे तोंडच बंद केले. तेव्हापासून दुसरी ओळ आली की मी ती गुपचूप टाकून देई, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘नोंद झाली’ असेच उमटे. अळीमिळी गुपचिळी! काकू खूश, आणि मला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खोटे बोलायला मला मुळीच आवडत नसे.

मग एका सकाळी एक आई घाईघाईने आली. पोटात जुळी होती, पण मोठ्या रुग्णालयापर्यंत जायला वेळच उरला नव्हता. दहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली, दोन किलो चारशे ग्रॅमची. बारा मिनिटांनी दुसरी, एक किलो नऊशेची. काकूंनी थोरलीची नोंद केली, मग धाकटीची केली. हिरवी अक्षरे दोनदा उमटली. बाळांच्या मनगटावरच्या पट्ट्या माझ्या नोंदींवरूनच छापतात. दोन पट्ट्या निघाल्या आणि दोन्हींवर थोरलीचीच माहिती होती. धाकटी माझ्याकडे पोचलीच नव्हती. मीच तिला दारातून परत पाठवले होते.

ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. दोन किलोंच्या आतल्या बाळांना इथे दर दोन तासांनी मोजून दूध पाजतात, आणि त्यांची यादी माझ्याकडून निघते. चिठ्ठ्या हरवतात, म्हणून हाताने लिहिलेले चालत नाही. यादीत असेल तेच खरे. दुपारी दोनला सिस्टरांची पाळी बदलणार होती, आणि नव्या सिस्टरांना धाकटीबद्दल काहीच कळणार नव्हते. मला सारे ठाऊक होते, पण बोलायची सोय नव्हती. मित्रांनो, इतके वाईट मला कधीच वाटले नाही.

चूक पकडली मुलींच्या आत्याने. ती कौतुकाने भाच्यांच्या पट्ट्यांवरचे अक्षरन् अक्षर वाचत बसली होती.

“अहो सिस्टर,” ती म्हणाली, “धाकटी बारा मिनिटांनी झाली ना? मग हिच्याही पट्टीवर दहा वाजून दहा कसं? आणि हा एवढासा जीव दोन किलो चारशेचा वाटतो का तुम्हाला?”

सिस्टरांनी धाकटीला लगेच दूध पाजले आणि काकूंना गाठले. काकूंनी पुन्हा नोंद केली. ‘नोंद झाली.’ यादी काढली, तर धाकटी नाहीच. भाऊंना फोन लावला. भाऊ म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांनी घरबसल्या मला नवा हुकूम सोडला की किल्ली जुळली तर जुनी ओळ काढून नवी बसवायची. झाले! धाकटी आत आली आणि थोरली बाहेर गेली. काकूंनी थोरलीला आत घेतले, तर धाकटी गायब. काकूंनी कपाळाला हात लावला. जन्मल्या जन्मल्या लपंडाव मांडलाय पोरींनी, असे त्या म्हणाल्या तेव्हा आत्यालाही हसू आवरले नाही. पण घड्याळात सव्वा वाजला होता.

मग डॉक्टरीणबाईंनी भाचीलाच बोलावून घेतले. तिने माझा नियम वाचला.

“काकू, तुमचं चुकलं नाही, तक्त्याचंही नाही,” ती म्हणाली. “जुळ्यांना ही किल्ली पुरणार नाही, हे मलाच सुचायला हवं होतं.”

तिने किल्लीला तिसरा भाग जोडला, जन्माचा क्रम. आणि मला माझे तोंड परत दिले. आता तीच किल्ली पुन्हा आली तर मी नवीही टाकत नाही आणि जुनीही पुसत नाही. ‘हे बाळ आधीच आहे, माहिती बदलू का?’ असे विचारतो. काकूंनी प्रसूतीच्या खोलीतला कागद समोर ठेवून दोघींची नोंद केली. थोरली, क्रम एक. धाकटी, क्रम दोन. दोन वाजायला सात मिनिटे असताना यादी निघाली आणि तिच्यावर धाकटी होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला इतका आनंद झाला की ओळ सोडून नाचावेसे वाटले.

नवव्या दिवशी धाकटीचे वजन दोन किलो दहा ग्रॅम भरले. काकूंनी तिची किल्ली दिली, मी विचारले, त्यांनी ‘हो रे बाबा’ म्हणत बटण दाबले. अर्थात दोनदा. धाकटीचे नाव दुधाच्या यादीतून निघाले, आणि या वेळी सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. दोघी बहिणी आत्याच्या दोन हातांवर घरी गेल्या.

मित्रांनो, टोकणाऱ्याचा राग येतो. येऊ द्या, पण त्याचे तोंड बंद करू नका. आणि सारखे दिसते म्हणून कोणालाही दारातून परत पाठवण्याआधी निदान एकदा विचारा, तू तीच का, की तिची धाकटी बहीण?