गीतांजलीला सांगितलेलं

पुडक्यावर डोंगर होता. हिरवागार, कडा कात्रीनं कापल्यासारख्या, आणि त्याच्या खांद्याशी एक पिवळा गोळा... तो सूर्य असणार. खाली ठसठशीत अक्षरांत ‘चिखलदऱ्याची कॉफी’. पुडक्याचं तोंड कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं दाबलेलं, आणि गीतांजली ते चिमट्यासकट हातात धरून बोलत होती, बोलताना हात हलवत होती, त्यामुळे डोंगर हलत होता, सूर्यही हलत होता, आणि हर्षाची नजर काही केल्या तिथून निघेना. सूर्य! असतो म्हणायचा तिथं. आम्हाला दोन दिवसांत मेल्याचं नखसुद्धा दिसलं नाही, आणि इथं हिच्या ओट्यावर येऊन बसलाय.

“कॉफी जमते न ताई तुमाले? का चहाच टाकू?”

“काहीबी टाक,” हर्षा म्हणाली. मग आवाजात उगाच साखर घालून, “तुमी तिकून आनली, तं पिऊन पायली पायजे.”

सकाळीच कुंदननं तिला अमरावतीला धाकट्या भावाच्या दारात उतरवलं होतं. अकोल्यात त्यांचं फुलांचं दुकान. लग्नसराई लागलेली, आज अमरावतीच्या एका कार्यालयात स्टेज सजवायचं काम, आणि गाडीत पुढं एक जागा रिकामी होती म्हणून, “येतं का? गीताकडे बसजो दिवसभर.” एवढंच. हा माणूस बोलतो तो असा, तोंडात सुपारी धरल्यासारखा. धाकटा गोपाल शाळेत मास्तर, तो शाळेत गेलेला; घरात दोघी जावाच. आणि आपण काही गप्पा मारायला आलेलो नाही, हे हर्षाचं हर्षाला ठाऊक होतं. ती आली होती बघायला. दिवाळीत घरच्या ग्रुपवर तो फोटो आला होता — कठड्याला रेलून गीतांजली, मागं दरी, खोल, निळी, तळापर्यंत उन्हानं भरलेली — तो हर्षानं रात्रंदिवस बोटांनी ताणून पाहिला होता, गीतांजलीचं हसरं तोंड कडेला सारून मागची दरी मोठी करून पाहिली होती. कारण कठडा तोच होता. तोच, एका ठिकाणी गिलावा उडालेला. त्यालाच धरून तीही उभी होती सप्टेंबरात, आणि तिच्यापुढं काय होतं? पांढरं. नुसतं पांढरं. जगावर कुणी धोतर वाळत घातल्यासारखं.

फुलवाल्याची सुट्टी पितृपक्षात, काय करता! जगाला सण तेव्हा यांना मरायला फुरसत नाही. दिवाळीत झेंडूच्या ढिगाआडून नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि गोपालला मात्र तीच दिवाळीची सुट्टी. गणपती उठले की घटस्थापनेपर्यंत लोकांना फुलं फारशी लागत नाहीत, ना लग्न ना मुंज, तेवढाच काय तो पंधरवडा. पोरगी माधवी नागपूरला शिकायला गेली, घरात दोघंच उरली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांनी कुठं जायचं ठरवलं ते त्या पंधरवड्यात. तेही सासऱ्यांची तिथी गाठायला दुसऱ्या दिवशी दुपारीच उलटं फिरायचं, या घाईत. त्या दिवसांत डोंगरावर धुकं असतं हे शेंबड्या पोरानं सांगितलं असतं. पण यांनी पंचांग पाहिलं ते मुहूर्तांसाठी, आभाळ कोण बघतो? हर्षानं हौसेनं काठाची साडी नेली होती आणि स्वेटर घरी ठेवला होता. बसस्टँडला लागून खोली. चादर ओली की नुसती गार तेही कळेना, वीज गेलेली, आंघोळीला बर्फासारखं पाणी...

आणि ती सकाळ. नको ती... पण येतेच. मोरीत नळ पूर्ण सोडून, बादली भरून वाहत असताना, ती ओट्यावर बसून रडली होती. थंडीनं म्हणा, धुक्यानं म्हणा, का इतक्या वर्षांच्या न झालेल्या सहलींनी म्हणा. डोळे पुसून बाहेर आली तर कुंदन भिंतीकडं तोंड करून घोरत होता. बायको पलीकडं रडते आहे आणि हा घोरतो आहे! तेव्हापासून ते घोरणं मी ऐकतेच आहे. दुकानात हार ओवताना, गिऱ्हाइकाला पुडी बांधताना, सुईत दोरा घालताना सुद्धा. कुणाला सांगणार? सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय?

पण बाई चिवट. हार ओवता ओवताच तिनं पुढची सहल मनाशी बांधायला घेतली होती. आधी तिथी उरकायची, मग निघायचं, म्हणजे मागं ओढ नाही. खोली आधी विचारून घ्यायची. पोचल्या पोचल्या धावत सुटायचं नाही. आणि एके दिवशी दुकानातल्या कॅलेंडरकडं बघता बघता तिला ते सुचलं होतं — पुढच्या साली अधिकाचा महिना! ज्येष्ठ अधिक, म्हणजे मे-जून, ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाही. बाजारातले सगळे फुलवाले आतापासून कपाळाला हात लावून बसलेले, आणि हिला मात्र आतल्या आत उकळ्या फुटत होत्या. मे महिन्यात अकोला भाजतं तेव्हा वर चिखलदऱ्याला गार, आभाळ मोकळं, दरी तळापर्यंत दिसणार. कुंदनला अजून सांगितलं नव्हतं. एखाद्या बऱ्या वेळेला, तो जरा हसतबिसत असताना सांगू, म्हणून ती गोष्ट तिनं पदराच्या गाठीत बांधावी तशी जपली होती.

कॉफी कडू होती. गीतांजलीनं टीव्हीवर फोटो लावले. दरीचा, मग तळ्याचा, मग खोलीचा. खोलीला मोठी खिडकी, खिडकीत ऊन, पलंगावर पसरलेलं ऊन. 

“खोली मस्त आहे न,” ती म्हणाली. “कोनी सांगतली तुमाले?”

“दादांनीच तं! तुमाले नाही सांगतलं?”

“कोन दादांनी?”

“अवं ताई, कोन म्हंजे? आपल्याच दादांनी. तुमच्या ह्यांनी!”

हर्षानं कप बशीत ठेवला. गीतांजली या घरात आली तेव्हा भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या या थोरल्या भावासमोर, पदर नाकापर्यंत ओढून दाराआडून बोलायची. कुंदनही तिला काही सांगायचं तर भिंतीला सांगायचा. आजही तो आला की ही डोक्यावर पदर घेते आणि तो पायरीकडं बघत “गोपाल आहे का?” एवढंच विचारतो. तो — हिला — खोली?

गीतांजलीला तिच्या तोंडावरचा प्रश्न दिसला असावा. ती खुदकन हसली. “समोर तं आजही बोलनं होत नाही आमचं. पन फोनवर पदर कुठी लागते? ह्यांनी फोन माह्याच हातात देल्ला, म्हने तूच इचार काय इचारते ते. अन् दादा असे बोलले, असे बोलले ताई, माही भाजी करपली!”

बोलले. भाजी करपेपर्यंत बोलले.

“म्हने, स्टँडपाशी उतरू नोको. उगवतीकडची खोली पाय. घाईनं जाऊ नोको, मागं काही ठेवून जाऊ नोको, तं जीव लागत नाही. पयल्या दिवशी निस्तं बसा, म्हने, डोंगर कुठी पळून जात नाही. सोटर घेजो...” गीतांजली सांगत होती आणि हर्षाला एकेक गोष्ट ओळखू येत होती, चोरीला गेलेली भांडी दुसऱ्याच्या मांडणीवर ओळखावीत तशी. ते स्टँड आमचं. ती घाई आमची. तो न नेलेला स्वेटर माझा! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा — असू दे, जगाची रीतच आहे. पण ज्याला ठेच लागली त्याचा अंगठा अजून ठणकतोय, त्याला निदान एकदा विचारावं की नाही, बाई, हे तुझं शहाणपण मी वाटून टाकू का म्हणून?

“अन् म्हने, आमाले तं आता अधिकातच जमन. पुढच्या साली लगनं बंद राह्यतात न मे महिन्यात.”

तीही गाठ सुटली. म्हणजे त्यालाही सुचलं होतं. एकाच दुकानात, एकाच कॅलेंडरखाली, दोघांना एकच गोष्ट सुचली होती, आणि त्यानं ती सांगितली — अमरावतीला.

गीतांजलीनं टीव्हीचा आवाज उगाच कमी केला. फोटोंना आवाज नव्हताच. “ताई, एक सांगू? तुमाले राग तं नाही येनार?... दादा म्हने, गरम पानी हाये का ते आधी पाय, गीता. म्हने, तुही ताई आतमधी नळ सोडून रडून राहिली होती. मले आवाज येऊन राहिला होता. म्या भिताडाकडं तोंड केलं अन् घोरल्यासारखं केलं. म्हने, तिले इतक्या वर्सांनी कुठी आनलं अन् काहीच दाखवू शकलो नाही, आता तिच्यासमोर कोन्या तोंडानं उठून बसू?” गीतांजलीचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते, नाटक नव्हतं. “मले लय कसंतरी झालं, ताई. तिकडे त्या दरीपाशी उभी राहिली तं तुमचीच याद आली.”

तो जागा होता.

आता खरं तर पोटात गार पडायला हवं होतं. इतके दिवस ज्या घोरण्यानं छळलं ते खोटं निघालं. त्याला ऐकू गेलं होतं, त्याला कळलं होतं, तो शरमेनं भिंतीकडं वळला होता... बाईमाणसाला आणखी काय हवं असतं? पण गार पडलं नाही. उलट आग अशी पेटली की त्या दरीच्या फोटोवर झालेला जळफळाट पोरखेळ वाटावा. म्हणजे त्या फोटोत हसताना हिला ठाऊक होतं! माझं रडणं हिच्याजवळ होतं. मी मोरीचं दार लावून, नळ सोडून जे लपवलं ते. आणि त्याचं ते बोलणं, कोन्या तोंडानं उठून बसू... एवढं लांब वाक्य या माणसाच्या तोंडून निघतं? मला कधी मिळालं? दरी ने, बाई. ऊन ने, खोली ने, खिडकी ने. पण ते वाक्य माझं होतं. ते तू कशाला ऐकलंस?

“राग कायचा त्यात,” हर्षा म्हणाली. “भाजी कोनती होती?”

“कोनती?”

“करपली ती.”

“वांग्याची,” गीतांजली गोंधळून म्हणाली.

दिवस मावळता कुंदन आला. दारात गाडी थांबली तशी गीतांजलीनं पदर डोक्यावर घेतला, त्यानं फाटकाच्या कडीकडं बघत “येतो” म्हटलं, आणि हर्षा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. काही म्हणजे काही दिसलं नाही. दिसण्यासारखं काही नव्हतंच, हे तिलाही कळत होतं. शंका घ्यावी असं त्यात काडीचं नव्हतं. शंका असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

गाडीत ओल्या पानांचा वास होता. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूर आलं. मग कुंदननं घसा खाकरला.

“पुढच्या साली अधिक येऊन राहिला. म्हटलं, जाऊ कुठीतरी. गीताले इचारून पायतो, तिले बरी मायती—”

“तिले नोका इचारू!”

इतक्या जोरात निघालं की त्यानं गाडी हळू केली. समोरून कापसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या उजेडात त्याचं तोंड क्षणभर दिसलं, दमलेलं, दाढी वाढलेली.

“काहून? काय झालं?”

“काही नाही झालं. मले इचारा. जे काही सांगाचं असन ते मले सांगत जा आधी.”

“काय सांगू?” तो म्हणाला. चिडून नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

“काहीबी सांगा. आज काय झालं ते सांगा.”

त्यानं गाडीला पुन्हा वेग दिला. मग रस्त्यावरची नजर न काढता, एकेक शब्द अडखळत, सांगू लागला. नवरीच्या बापाला गुलाबी शेवंती पाहिजे होती, यानं पांढरी लावली. ठरलं पांढरीच होतं. तो सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलला. हा शिडीवर होता. “वरूनच म्हटलं, हो साहेब. खाली उतरलो तं पाय कापून राहिले होते. कार्यालयाच्या मागं जाऊन बसलो घडीभर.”

हर्षा ऐकत होती. तहानलेल्यानं ओंजळ धरावी तशी ऐकत होती. त्याच्या कापणाऱ्या पायांबद्दल तिला वाईट वाटत होतं आणि ते पाय आपल्याला सांगितले गेले म्हणून बरंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. आणखी सांगा, ती मनात म्हणत होती, थांबू नका. पण आता अडखळणं थांबलं होतं, त्या बापाचं बोलणं तो जरा फारच नीट, एकामागोमाग एक सांगत होता, आणि तिच्या मनात आलं — घडीभर मागं बसला होता म्हणतो. हातात फोन असेलच. दुपारी मी गच्चीवर तिचं वाळवण उलथायला गेले होते तेव्हा खाली गीतांजलीचा फोन वाजला होता का? तिनं आठवून पाहिलं. आठवेना. कुंदन बोलत होता, कधी नव्हे ते बोलत होता, आणि ती मान हलवत, हं हं करत, त्याच्या प्रत्येक वाक्याला कान लावून बसली होती — हे तो पहिल्यांदा सांगतोय का दुसऱ्यांदा?