पिठात उठलेलं पाऊल

"पीठ चाळून घे गो. गुठळी रवली तर पाऊल बरा उठाचा नाय. आणि जेचा पाऊल उठात, तेका वरीसभर घास घाल."

सासरे गेले त्या दिवशी सासूबाईंनी मला हे सांगितलं. माणूस गेला की आमच्याकडे दिव्याभोवती पीठ पसरून वर टोपली झाकतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटतं, त्या जन्माला तो जीव गेला असं समजतात. "माझ्या वेळेक पण तूच बघ," असंही त्या म्हणाल्या होत्या, आणि मी हो म्हटलं होतं.

सासूबाई वारल्या कार्तिकात, तिकडे कुडाळजवळच्या गावी. आम्ही इकडे ओमानात, जबल शम्स डोंगराच्या माथ्यावर. माझा नवरा जितेश इथल्या टुरिस्ट कॅम्पवर जनरेटर आणि पंप बघतो, माझ्याकडे खोल्यांच्या चादरी-अभ्रे. निझव्याहून आणलेलं तांदळाचं पीठ मी दोनदा चाळलं, आमच्या खोलीपुढच्या ओट्यावर पसरलं, मधे तुपाची पणती ठेवली, टोपली झाकली.

सकाळी टोपली कलंडलेली. पणती चाटून लख्ख, वातसुद्धा नाही. आणि पिठात एक पंजा. मधली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली.

मी होते तिथेच बसले. सासूबाईंच्या उजव्या पायाची मधली दोन बोटं जन्मापासून जोडलेली होती. त्या पायाला मी तेल चोळलंय. जोडवं घालताना त्यांची होणारी चिडचिड ऐकलीय.

जितेश हसला. "आये ती? मगे उद्या येवन सांगतली बघ, सुनबाय, भाताक मीठ नाय."

"असं बोलू नये," एवढंच मी म्हटलं.

मी एकभुक्त राहते. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते, जपमाळ ओढते आणि मगच पान वाढून घेते. त्या दिवसापासून पहिला घास, तूप घालून कालवलेला भात, ओट्यावरच्या ताटलीत जाऊ लागला. सकाळी ताटली स्वच्छ असायची. कोण येतं ते मी कधी डोकावून पाहिलं नाही. पितरांच्या पानाकडे टक लावून बघत नाहीत.

नाताळच्या सुट्टीत कॅम्पचा कुक अमीन याची बायको रहिमा आणि लेक महेक मस्कतच्या वादी कबीरहून वर आल्या. रहिमा दापोलीची. आली की माझ्या खोलीत तिचा अर्धा दिवस जातो. "वैनी, तुमचा उपास कवा सुटायचा? माझी बिर्याणी वाट बघून म्हातारी झाली!" महेक पहिलीत. तिचं मराठी अडखळत चालतं, पण थांबत नाही.

त्यांच्या येण्याला थोडे दिवस झाले आणि बर्फ पडलं. इथे ते दरवर्षी पडत नाही, पडलं तरी पातळ. या वेळी रस्ता निसरडा झाला म्हणून पोलिसांनी खालीच गाड्या अडवल्या. पहाटे दार उघडलं तर कुणीतरी अख्ख्या डोंगरावर पीठ चाळून ठेवल्यासारखं दिसत होतं.

आणि पिठात पावलं उठलेली होती.

दरीच्या काठाकडून सरळ, दोरी धरल्यासारखी रांग माझ्या ओट्यापर्यंत आली होती. बोटं जोडलेली. मी हात जोडले. मग लक्षात आलं, ताटली जागेवर नाही. आणि दुसरी पावलं दिसली. लहान बूट, तळव्यावर फुलाचा ठसा. रहिमाच्या दारातून ओट्याशी, ओट्यावरून पाण्याच्या टाकीमागे. पंजे त्यांच्या सोबतीनं गेले होते.

मी वाकून पाहिलं. एका ठिकाणी पंजा फुलावरच रुतला होता. म्हणजे आधी महेक गेली होती. पंजे मागून.

माझा आवाज कधी चढत नाही. त्या सकाळी माझ्या हाकेनं अमीन स्वयंपाकघरातून धावत बाहेर आला.

टाकीमागे महेक उभी होती. हातात माझी ताटली, रिकामी.

"काकू, डॉगी हंग्री होता. मी दिला त्याला."

"रोज देतेस?"

"काल पण. काल तो लांब होता. आज इतका जवळ." तिनं हातमोज्यातले दोन्ही हात समोर धरले. त्यांच्यात ताटलीसुद्धा मावली नसती.

टाकीच्या आडोशाला बर्फ वितळून एक खळगा झाला होता, अंग मुडपून बसावं एवढा. कुणीतरी बराच वेळ तिथे बसून होतं. तिथून माझा ओटा दिसत नाही. रहिमाचं दार दिसतं.

कॅम्पचे मालक, अर्बाब सालेम, आले. गुडघा टेकून त्यांनी ठसे पाहिले. "धीब," ते म्हणाले. लांडगा. "कुत्ता इधर-उधर घूमता है. ये सीधा आता है, पिछला पाँव अगले पाँव के निशान में."

"और ये उंगली?" मी विचारलं. "जुडा हुआ?"

"यहाँ सब धीब का ऐसा ही है."

सगळ्यांचं. जितेश माझ्याकडे बघत होता. या वेळी तो हसला नाही.

सालेमनी वनरक्षकांना फोन लावला. रस्ता उघडल्याशिवाय ते येणार नव्हते. मग सालेम मला म्हणाले, आम्ही दगड मारले तर तो फक्त लपेल, परत येईल. ज्या हातानं खाऊ घातलं त्याच हातानं हाकललं पाहिजे. तरच माणसाच्या दाराशी येणं सोडेल तो.

रहिमा भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं महेकला पोटाशी धरलं होतं. "वैनी, तुमचा नेम तुमच्यापाशी. मी त्यात काय बोलू? पण मला हे एकच लेकरू हाय."

मी महेकच्या डोक्यावर हात ठेवला. "दिवेलागणीच्या आत हाकलते," मी म्हटलं.

दुपार कलली. भात मी रोजच्यासारखा शिजवला, सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवला आणि दार ओढून घेतलं. टाकीजवळ बर्फ उकरून दगड काढले. पदरात घेतले. ओटी भरल्यावर बांधतात तशी गाठ मारली. ओल्या दगडांचा गारठा पोटाला लागत होता.

जितेश लोखंडी पाइप घेऊन उभा होता. "मी येतंय."

"लांबून या. ती मला ओळखते."

'ती' म्हटलेलं त्यानंही ऐकलं. तो दोन पावलं मागे सरला.

दरीच्या काठाशी खडकाच्या रंगाचं काहीतरी उठून बसलं आणि माझ्या रिकाम्या हातांकडे पाहू लागलं. मी पदराची गाठ सैल केली आणि त्या पावलांवर पाय पडू न देता, बाजूबाजूनं चालायला लागले.