फुटाण्यांखालची डबी

“त्या थुंकीवाल्याले सांगा गा कोणी, पेटीले हात लावायच्या आधी साबण लाव म्हणा,” शोभाताई म्हणाल्या.

कवडू तीन हातांवर बसला होता. पण देऊळ मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी असल्या माणसाशी थेट काय म्हणून बोलावं? तो उठला, नळावर गेला, तिसऱ्यांदा हात धुऊन आला.

सव्वीस वर्षं तो नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात क्षयरोग्यांचे बेडके तपासत होता. दिवसभर काच रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या जंतूंच्या लाल काड्या शोधायच्या. संध्याकाळी भैय्याजी महाराजांच्या कीर्तनात पेटीची साथ करायची. महाराजांचा गळा खरा होता. त्यांनी नाम घेतलं की देव गाभाऱ्यातून उठून पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्यासारखा वाटे. गळा सोडला तर बाकीचा माणूस कवडूला दोन पैशांचा वाटू लागला होता.

होळीनंतर महाराजांच्या बेडक्यात लाल काड्यांची नुसती जत्रा दिसली होती. कवडूने ते कोणाला सांगितलं नाही; सांगायचं नसतंच. महाराजांनी तीन महिने गोळ्या घेतल्या. खोकला थांबला, वजन चार किलो वाढलं. त्या चार किलोंना कृपा म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. आता खोकला परतला होता.

“सहा महिने सांगतले होते ना तुमाले. काहून सोडल्या?” कवडूने मंगळवारी त्यांना घरी जाऊन विचारलं होतं.

“गोळीनं गळा कोरडा पडते गा. अन् नाम हाय ना.”

कवडूने नामाला हात जोडले. मग म्हणाला, “महाराज, तो जंतू मेला नाई, लपला हाय. आपल्या आंगातली पेशी शिपायासारखी त्याले गिळते, पिशवीत कोंडते. तिथं आम्ल येऊन त्याले जिरवायचं असते, तर हा ते येऊच देत नाई. तिच्याच घरात खातेपिते, वाढते. मंग पिशवीची भिंत फोडून विष सोडते. त्या विषानं पेशीतला सारा जोर आटते. ती मेली का हा बाहेर, दुसऱ्या घरात.”

महाराज डोळे मिटून ऐकत होते. लागलं मनाला, असं कवडूला वाटलं.

“झकास हाय,” महाराज म्हणाले. “ते विषाचं पुन्हा एकडाव सांग बरं.”

आणि आज कीर्तनाच्या उत्तररंगात तो जंतू उभा राहिला. महाराजांनी त्याला अहंकार केलं. ज्या जिवानं गिळलं त्याच्याच घरात बसून त्यालाच विष देणारा. बाया हळहळल्या. “काय ज्ञान हाय,” शोभाताई शेजारणीला म्हणाल्या.

“अन् मले कोणी म्हणते, महाराज, गोळी घ्या. अहंकारावर गोळी असते का?”

सगळे हसले. त्या हशात महाराज पाठमोरे झाले, तोंडावर उपरणं धरलं. कवडूने सवयीने भाता दाबून सूर लांबवला. आठवडाभर तो हेच करत होता. खोकला आला की सूर वाढवायचा, म्हणजे समोर ऐकू जात नाही. आज मात्र त्याला स्वतःच्या बोटांची किळस आली. तीनदा धुतलेली, तरी घाण.

पुढची उबळ आली तेव्हा त्याने हात पेटीवरून उचलून मांडीवर ठेवले.

खोकला सगळ्या मंडपाने ऐकला. बराच वेळ ऐकला. शोभाताईंनी पदर नाकाला लावला. पुढच्या बाईने लेकराला ओढून मांडीवर घेतलं.

आरतीनंतर लोक महाराजांच्या पाया पडले. आज जरा लांबूनच. कवडू वाकला नाही. त्याने त्यांच्या हातात प्रसादाचा द्रोण दिला. फुटाण्यांखाली बेडक्याची रिकामी डबी होती. महाराजांच्या बोटांना ती लागली. त्यांनी वर पाहिलं.

“पेटी काहून थांबली रे?”

“माहा हात थकला, महाराज.”

सकाळी दवाखान्यात टेबलावर डब्यांची रांग होती. शेवटच्या डबीच्या झाकणावर फुटाण्याची हळद लागलेली. बाहेर बाकावर, रांगेत सर्वांत शेवटी, उपरण्याने नाक-तोंड बांधून भैय्याजी बसले होते.

कवडूने डबीवर नंबर टाकला, काच रंगवली, वाळवली. मग देवळाच्या पायरीशी काढावी तशी टेबलाखाली पायातली चप्पल काढून बाजूला सारली आणि डोळा भिंगाला लावला.