एकटा परत आलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. एके काळी लाल होतो, आता विटलो आहे, आणि दोन ठिकाणी मला चावलेलंही आहे. माझा जन्म नामपल्लीच्या एका चांभाराच्या दुकानात झाला. त्याने बक्कल इतकं घट्ट बसवलं की आजवर ते हललेलं नाही. तेव्हापासून मी निशिगंधाताईंच्या निवाऱ्यात एका खिळ्यावर राहतो. रस्त्यावरच्या, टाकून दिलेल्या कुत्र्यांना त्या तिथे सांभाळतात आणि घरं शोधून देतात.

आमच्याकडे एक रीत आहे. कुत्रा नव्या घरी निघाला की त्याच्या गळ्यात मला बांधतात. पंधरा दिवस परीक्षेचे. कुत्रा रमला तर घरचे त्याला नवा पट्टा आणतात आणि मला परत पाठवतात. नाही रमला तर मी येतो तो कुत्र्यासकट! म्हणून मी एकटा आलो की सगळे आनंदाने टाळ्या वाजवतात. मला तेवढंच हवं असतं.

पण आमचे नामदेवराव! हे ताईंचे काका. गौलीगुड्यात तीस वर्षं त्यांनी वधूवर सूचक केंद्र चालवलं. ते बंद झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून ते कुत्र्यांची परिचयपत्रं लिहू लागले. खोड तीच, दोष झाकायची. लंगडा कुत्रा असला की लिहीत, "चाल डौलदार." घरभर खड्डे खणणारी कुत्री त्यांच्या लेखी "बागकामात निपुण" होती.

माझी खरी कहाणी बगाऱ्याची आहे. एका शादीखान्यामागे, म्हणजे लग्नाच्या हॉलमागे, बगारा नावाच्या मसालेभाताच्या देगचीत तोंड घालून बसलेला तो सापडला, म्हणून हे नाव. वय सात, एक कान अर्धा. स्वभावाने गरीब, पण कुकरची शिट्टी झाली की मान वर करून असा गळा काढी की भिंतीवरचं घड्याळही दचकावं.

काकांनी लिहिलं, "स्वभाव शांत. आवाज मधुर." पुण्याहून इथे नोकरीला आलेले किशोर आणि सुलभा त्याला हौसेने घेऊन गेले. चौथ्या दिवशी मी परत, बगाऱ्यासकट.

"काका, शांत म्हणाला होतात ना!" सुलभा रडवेली झाली होती. "सकाळी सहाला पूर्ण इमारत जागी होते हो!"

काकांनी परिचयपत्रात भर घातली, "संगीताची आवड." प्रतापराव नावाचे एक गृहस्थ पेटी वाजवत, त्यांनी त्याला नेलं. दोन दिवसांत परत. तिसऱ्या घरून तर त्याच संध्याकाळी आलो.

त्यानंतर बगाऱ्या भिंतीकडे तोंड करून बसू लागला. मला हातात घेतलं की मान खाली घाली. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. त्याच्यासाठी मी घराचा नाही, परत येण्याचा पट्टा झालो होतो.

ताई त्या दिवशी काकांवर भडकल्या. "काका, तुमच्या या लिहिण्यापायी तो तीनदा टाकला गेला! आणखी एकदा झालं तर तो खाणंच सोडेल."

काकांनी ते परिचयपत्र फाडून टाकलं. मग म्हणाले, "हौ, चुकलंच माझं. माझ्या लग्नांतल्या बी दोन-चार पोरी परत आल्त्या. तवा बी मी बघण्याच्या पोह्यांनाच नावं ठेवली, सोताला नाही."

त्यांनी नवा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं. "वय सात. कान दीड. कुकरची शिट्टी झाली की रडतो, काय बी केलं तरी थांबत नाही. चपला खातो, फक्त डाव्या."

तो कागद नल्लकुंट्याच्या इंदुताईंनी वाचला. सत्तरी उलटलेली, ऐकू जवळजवळ येत नाही.

"याला शिट्टी ऐकू येते?" त्यांनी विचारलं.

"लई येते! त्येचीच तर परेशानी हाय!" काका ओरडले.

"मला येत नाही. दोन कुकर जळाले. मुलगा म्हणतो, आता गॅस बंद, डबा लावू. माझ्या हातचं वरण मी या वयात का सोडू? द्या मला हा."

गेलो. नवव्या दिवशी त्यांचा मुलगा विकास घरी आला आणि बगाऱ्याने त्याची डावी चप्पल फस्त केली. "आई, उद्याच परत देऊ याला!" विकास संतापला. माझं बक्कल थंड पडलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. विकास फोनवर बोलू लागला होता, त्याचं लक्ष नव्हतं. बगाऱ्या मात्र धावत जाऊन इंदुताईंच्या पुढ्यात उभा राहिला आणि मान वर केली. त्यांना गळा ऐकू आला नाही, पण वर गेलेलं तोंड दिसलं. त्या उठल्या, आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद झाला. विकास अनवाणी पायांनी दारात बघत राहिला. डब्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

पंधराव्या दिवशी इंदुताईंनी मला सोडवलं, साबणाने धुतलं आणि वाळत घातलं. बगाऱ्याने मला हुंगलं, मग वळून तो आपल्या जागेवर जाऊन झोपला. मित्रांनो, तेव्हा मला रडू आलं, पण मी ओलाच होतो, कुणाला कळलं नाही.

मित्रांनो, कुत्रा आणायचा असेल तर निवाऱ्यात जा, त्याच्या खोडी आधी विचारा आणि मगच हो म्हणा. कारण परत येताना मान त्याची खाली जाते, आपली नाही.

मला विकासने आणून दिलं. माझ्यासोबत वरणाचा डबा होता आणि इंदुताईंची चिठ्ठी. काकांनी ती मोठ्याने वाचली, "पट्टा पाठवते आहे. कुत्रा मागू नका."