अकराव्या बोर्डाचा एक ठोका

१४ मार्च २०१९, गुरुवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. मी सांभाळत असलेल्या प्रयोगशाळेतील टेबलांवर बोर्ड अकरा. प्रत्येकावर विद्यार्थ्यांच्या एकेका गटाने रचलेला प्रोसेसर. बाहेरच्या परीक्षक बाई अकराला येणार होत्या.

विभागप्रमुख दारातूनच म्हणाले, "तो अकरावा बोर्ड काढून ठेवा."

अकरावा बोर्ड माझ्या भाचीचा. तिच्या गटात आता ती एकटीच. जोडीदार पंधरवड्यापूर्वी दुसऱ्या गटात निघून गेला होता. बोर्ड परीक्षेत नसेल तर तिचे वर्ष बुडणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

"का काढायचा?" मी विचारले.

"चव्वेचाळीस मेगाहर्ट्झवर रखडतोय. बाकीचे दहा पन्नासवर पळतात. विभागाची शोभा होईल!"

वाद प्रोसेसरच्या क्लॉकच्या एका ठोक्याचा होता. या प्रोसेसरमध्ये एक सूचना संपण्यापूर्वीच पुढची सुरू होते. मेमरीतून मागवलेली किंमत मात्र एक ठोका उशिरा पोहोचते. लगतच्या सूचनेला तीच किंमत हवी असेल, तर तिला तेवढा वेळ थोपवून धरणारे सर्किट लागते, आणि त्या सर्किटापायी क्लॉक मंदावतो. विभागप्रमुखांनी ते सर्वांना काढायला लावले. प्रोग्रामचे सूचनांत रूपांतर करणारा त्यांचा कंपायलर अशा दोन सूचना लागोपाठ ठेवतच नाही, हे त्यांचे कारण. दहा गटांनी काढले. भाचीने काढले नाही.

"चाळीस चाचण्या झाल्या, दहाही बोर्ड चाळीसच्या चाळीस पास," ते बोर्डापाशी उभ्या असलेल्या भाचीला म्हणाले. "तुझं आपलं नाचता येईना, अंगण वाकडं!"

"सर, त्या चाळीसही तुमच्याच कंपायलरमधून निघाल्यात. आपलाच पेपर आपणच तपासल्यासारखं झालं." तिने प्रकल्पाची पुस्तिका उघडली. "पान दुसरं, तुम्हीच लिहिलंय: प्रत्येक सूचनेला आधीच्या सूचनेचं उत्तर मिळालंच पाहिजे. कंपायलरचं नावसुद्धा नाही इथे."

"मामा पाठीशी आहे म्हणून तोंड चालतंय."

"मामा घरी, सर. इथे उशीर झाला की ते मलाही बाहेर उभं करतात."

हे खरे होते. मी अकराव्या बोर्डाची वायर हातात घेतली आणि पुन्हा घट्ट खोचली.

"काढायचा तर लेखी द्या, कारणासह. मी तो कागद बाईंना दाखवीन."

"तुमची निवृत्ती सहा महिन्यांवर आलीय, विसरू नका."

"नाही विसरलो. घाबरायला सहाच महिने उरलेत."

बाई वेळेवर आल्या. भाचीने त्यांच्यापुढे हाताने लिहिलेल्या चार ओळी ठेवल्या: मेमरीतले पस्तीस आण, लगेच त्यात एक मिळव, उत्तर दाखव, थांब. "एवढंच सगळ्या बोर्डांवर चालवा, मॅडम."

"हे चाचण्यांच्या यादीत नाही," विभागप्रमुख म्हणाले.

बाई पुस्तिकेचे दुसरे पान वाचत होत्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला? चालवा."

मी पहिला बोर्ड सुरू केला. लाल आकडा उमटला: १. दुसऱ्यावरही १. पस्तीस पोहोचण्याआधीच रजिस्टरमधल्या जुन्या शून्यात एक मिळवला गेला होता. दहाव्यापर्यंत प्रत्येकावर १. दहावा विभागप्रमुखांनी स्वतः पुन्हा चालवला. १.

अकरावा एक ठोका थांबला. तो थांबा डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हता. ३६.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे पत्रकात नोंद मी केली. तपासलेले बोर्ड अकरा. बरोबर उत्तर देणारा एक.