सात सेंटीमीटर

हॉलमधल्या सगळ्या मुली तिला ठेंगू म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. तेरावं लागलं होतं, पण बार्सवर गरगर फिरताना ती नऊ-दहाची वाटे. जिम्नॅस्टिक्स शिकवणारी तिची सख्खी मावशीच होती, आणि बुटकं अंगच बार्सवर हलकं फिरतं असं ती म्हणे. सहा वर्षं मावशीने तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. ठेंगूलाही आईपेक्षा मावशीचाच शब्द मोठा.

स्पर्धांआधी दरवर्षी तपासणी करून डॉक्टरांची सही आणावी लागे. यंदा मावशीने ठेंगूच्या आठ वर्षांच्या धाकट्या बहिणीलाही सोबत घेतलं. म्हातारे डॉक्टर गप्पिष्ट होते. त्यांनी ठेंगूची छाती ऐकली, कणा तपासला, जागच्या जागी उड्या मारायला लावून नाडी पुन्हा मोजली. सगळं ठणठणीत. मग त्यांनी तिला भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं. जुना पोशाख खांद्यांवर काचू लागल्याचं ठेंगूने कुणाला सांगितलं नव्हतं. तिने हळूच गुडघे दुमडले.

"सरळ उभी राहा बाळ," डॉक्टर म्हणाले, आणि खुशीत आकडा सांगितला. वर्षात सात सेंटीमीटर.

अजून किती वाढेल, असं मावशीने विचारलं. डॉक्टरांनी आईवडिलांची उंची विचारली, कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाले, "आईच्या डोक्यावरून जाईल ही. बघत राहा."

मावशी हसली नाही. तिने धाकटीला पुढे ओढलं, तिची मनगटं चाचपली, खांदे मापल्यासारखे दाबून पाहिले आणि हिचीही उंची घ्या म्हणाली. ठेंगू मोजे घालत होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

जिन्यात तिने धीर करून म्हटलं, "मावशी, मी कमी खाईन."

"त्याने हाडं थांबत नाहीत," मावशी म्हणाली. "माझी सहा वर्षं गेली तुझ्यावर. आता रडून आणखी वेळ खाऊ नकोस."

घरी आईने सही केलेला कागद पाहिला आणि पोर धडधाकट आहे म्हणून तिला हायसं वाटलं.

सोमवारी बार्सवर दुसरी मुलगी होती. मावशीने ठेंगूला सांगितलं, तू धाकटीची तयारी करून घे, तुला सगळं येतंच. ठेंगूने मान डोलावली. धाकटीला गादीवर पाय पुढे-मागे फाकवून बसवलं, पुढची टाच ठोकळ्यावर ठेवली आणि मागून तिचे खांदे दाबले.

"ताई, दुखतंय."

"मलाही दुखायचं," ठेंगू म्हणाली. ते खरंच होतं.

पलीकडून मावशीने पाहिलं आणि अजून दाब म्हणाली. ठेंगूने दाबलं. थोड्या वेळाने मावशी पुरे म्हणाली, तेही तिला स्वच्छ ऐकू आलं. तिने गुडघा धाकटीच्या पाठीवर टेकवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. वाढलेल्या सात सेंटीमीटरांचाही. धाकटी किंचाळली आणि एका कुशीवर कलंडली.

मांडीचा स्नायू फाटला होता. ते वर्ष तिचं गेलंच. मावशीने कुणालाच जाब विचारला नाही. दोन दिवसांत ती तिसऱ्याच एका बुटक्या मुलीच्या आईशी बोलताना दिसली.

कसं झालं ग, असं आईने विचारलं तेव्हा धाकटीने आधी ताईकडे पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होती.

"माझाच पाय घसरला," धाकटी म्हणाली.